हजर असणं आवश्यक

चाळीस पुस्तकं, पुस्तकात पंचवीस पावत्या,
पावती वीस रुपयाला.
उजवा तुकडा गिऱ्हाइकाचा, डावा मंडळाचा,
मध्ये बारीक भोकांची रेघ.
रेघेवरच फाडायची.
वाकडी फाडली तर आमच्या नंबराचा शेवटचा आकडा
गिऱ्हाइकाबरोबर निघून जातो.
हे मी पोरांना दोनदा सांगितलं.
तरी अन्वरनं सतरावं पुस्तक वाकडंच फाडलं.

डाव्या तुकड्याला दोन घड्या, तिसरी नाही.
जाड चिठ्ठी बोटांना आधी सापडते.
कांड्या ठेवायचा पत्र्याचा डबा, त्याला आरपार गज, टोकाला हँडल.
तीन वर्षांपूर्वी फ्रीज अध्यक्षांच्या मेहुण्याला लागला,
तेव्हापासून डबा स्टेजवर फिरतो, सगळ्यांसमोर,
आणि चिठ्ठी काढणारं लेकरू
आम्ही शेजारच्या गल्लीतून मागून आणतो.

नरसव्वा येमूल विड्या देऊन परत येत होती.
सुपात उरलेली पानं, बोटांना तंबाखूचा वास.
दहाच्या दोन नोटा तिनं टेबलावर सरळ केल्या.
नाव?
राजमल्लू येमूल, म्हणाली.

हे नाव मी अकरा वर्षं लिहिलंय.
भद्रावती पेठेतल्या कारखान्यात, दर शनिवारी, पगाराच्या वहीत.
मी ओरडायचो, तो माग थांबवून यायचा,
कानात कापसाचे बोळे तसेच.
आणि शेवटचं लिहिलं मागच्या आषाढात,
चौकातल्या फळ्यावर, खडूनं,
आधी कै. लावून.
पावतीवर कै. ला जागा नव्हती.
मी विचारलंही नाही.

खंडेनवमीची रात्र. माग पुजून झालेले.
उकडत होतं, म्हणून पहिलं बक्षीस कूलरच ठेवलेला,
त्याच्याकडे बघूनच लोक गार होत होते.
कुकर गेला, मिक्सर गेला,
उत्तेजनार्थ एकवीस टॉवेल गेले
(ते आमच्याच गल्लीत विणलेले, घेणारा हसला).
मग टेलरची नात, डोळ्यांवर रुमाल,
दंडापर्यंत हात घालून ढवळत बसली, ढवळतच बसली.

बिराजदारनं चिठ्ठी उलगडली.
"चारशे दहा आणि काहीतरी. आकडा फाटलाय बे हा."
मग त्यानं नाव वाचलं.

पहिली हाक शिट्टीतच गेली, स्पीकरच्या.
लोक आपापले खिसे तपासत होते.
दुसऱ्या हाकेला मागचे म्हातारे विणकर गप्प झाले,
त्यांच्याकडून ते पुढे सरकत आलं,
दिवा जावा तसं, घरामागून घर.
बिराजदार नवा माणूस, अक्कलकोटकडचा,
त्याला काय माहीत.
"राजमल्लू येमूल! हाय का न्हाई?"

दुसऱ्या रांगेतून, बसल्या जागेवरूनच, ती म्हणाली,
"वस्तुन्नारु."
येताहेत.

कुणी हसलं नाही.
बिराजदारनं माइकवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.
पावतीच्या खाली बारीक अक्षरात आहे:
विजेता स्वतः हजर असणं आवश्यक,
तीन हाकांनंतर दुसरी चिठ्ठी.
नियम मीच लिहिलाय.
मी मान हलवली.
कूलर अठ्ठ्याऐंशी नंबरला गेला, पोस्टातल्या कुणाला.
तो हजर होता. फोटो निघाला.

मांडवाच्या खुर्च्या एकात एक घालत होतो तेव्हा ती आली.
कूलरचं काही बोलली नाही.
डावा तुकडा द्या, म्हणाली.
मी दिला.
तिनं चंचीतून आपला काढला,
टेबलावर दोन्ही शेजारी ठेवले, नखानं सरकवले:
भोकांना भोकं लागली नाहीत, फाटीला फाट लागली.
चारशे सतरा.
सात तिच्याकडे होता.
दोन्ही तुकडे तिनं चंचीत टाकले,
नाडी ओढली.

आता हजारात एक स्थळप्रत कमी आहे.
हिशेब तपासताना विचारतील.
शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलंय:
विजेत्यानं नेली.